सकाळचा कप्पा

वार्दोत नोव्हेंबरअखेर सूर्य जातो
तो जानेवारी निम्मा सरल्यावर येतो.
मधल्या दिवसांत योरुनच्या घरी
सकाळ असते ती फक्त डबीत :
निळी, प्लास्टिकची, सात ओळी, चार चार कप्पे.
पहिलं झाकण टक्कन उघडलं
की उजाडलं.

मी नगरपालिकेची नर्स.
दर मंगळवारी बूट दारात काढते आणि डबी भरते.

तोर्लाइफ एक्याण्णव वर्षांचा.
वजन चव्वेचाळीस किलो, त्यात बरीचशी हाडं,
आणि दिवसाला सतरा गोळ्या.

रक्तदाबाची होती, जुनी, साठीतली.
तिनं घोटे सुजले.
सुजेसाठी पाणी काढणारी आली.
ती त्याला रात्री तीनदा उठवायची,
एका रात्री तिसऱ्या खेपेला तो न्हाणीच्या उंबऱ्यावर पडला.
पडल्याच्या दुखण्यावर एक,
तिनं कोठा बांधला म्हणून एक,
झोप उडाली म्हणून एक,
आणि झोपेच्या गोळीनं
बुडून मेलेला भाऊ खुर्चीत बसलेला दिसू लागला,
तर भावाला घालवायला एक.
भाऊ गेला.
त्याच्याबरोबर तोर्लाइफही बराचसा गेला.

चुकलं कुणीच नव्हतं.
प्रत्येकानं आपली एकच गोळी
नीट विचार करून लिहिली होती.

शिवाय ती पिवळी, कोलेस्टेरॉलची :
पुढच्या दहा वर्षांत झटका येऊ नये म्हणून.
दहा वर्षं!
योरुन ती चमच्यानं चुरडायची, जाममध्ये कालवायची,
तो ओठ घट्ट मिटायचा,
ती म्हणायची, घे रे, एवढी घे, शहाणा ना.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थांबवू या.
योरुनला ऐकू आलं, सोडून देऊ या.
"मरणारच आहे म्हणून हात आखडता घेताय?"
बाई तरुण. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
मी खिडकीकडे. खिडकीत काय, काळोख.

मग मीच विचारलं,
लांब दोरीचे गळ एकमेकांत गुंतले
की तोर्लाइफ काय करायचा?
"सुरी लावायचा नाही," ती म्हणाली.
"शेवटच्या गळापासून एकेक सोडवत यायचा.
कधी रात्रभर. शिव्या देत."
आणि गप्प झाली.
बऱ्याच वेळानं म्हणाली, "पिवळीपासून?"
पिवळीपासून, मी म्हटलं.

पिवळी एका दिवसात गेली, कुणाला कळलंही नाही.
भावाची गोळी अर्धी केली, मग पाव.
भाऊ एकदा परत आला,
दोन रात्री खुर्चीत बसला,
तोर्लाइफनं त्याला हवामान विचारलं.
मग तो आपणहून उठून गेला.
झोपेची काढताना आम्ही तिघंही झोपलो नाही,
तेही लिहायला हवं.
राहिले मॉर्फिनचे थेंब, आणि पोट साफ होण्याचं.

डिसेंबरच्या तिसऱ्या मंगळवारी
तोर्लाइफनं डोळे उघडले, कप हुंगला
आणि म्हणाला, "कॉफी पातळ आहे."
पाच आठवड्यांतलं पहिलं वाक्य.
योरुन हसली की रडली ते दिसलं नाही,
ती तोवर दाट करायला उठली होती.

पण रिकाम्या कप्प्यांचं तिला काही सुधरेना.
पुढच्या खेपेला मी डबी उघडली
तर सकाळच्या सातही कप्प्यांत
साखरेची एकेक वडी.
"कॉफीत बुडवून जिभेवर ठेवते," ती म्हणाली,
जरा दरडावूनच.
नोंदवहीत औषधाच्या रकान्यात
मी बराच वेळ काही लिहिलं नाही.
मग लिहिलं : साखर, एक, सकाळी.

तो अकरा जानेवारीला गेला,
सूर्याच्या आठवडाभर आधी.
शनिवार, रविवारची साखर उरली.

उरलेली औषधं घेऊन आम्ही दुकानात गेलो.
कपाटामागची, ड्रॉवरमधली, बिस्किटांच्या डब्यातली,
दोन तर त्याच्या कोटाच्या अस्तरात
त्यानंच लपवलेली.
दुकानातल्या मुलानं पिशवी काट्यावर ठेवली :
एक किलो सहाशे.

"एवढासा कॉड तो घरी आणत नसे,"
योरुन म्हणाली,
आणि पावती मागून घेतली.